दफ्तर कोणाचे?

गेल्या आषाढात, वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे जाणाऱ्या भाविकांच्या रांगा ओसरल्यावर, आमच्या गृहनिर्माण संस्थेत एक प्रसंग घडला. प्रसंग तसा लहान. वर्तमानपत्रात छापून यावा असा नव्हे. परंतु त्याने माझ्या मनात जो प्रश्न उत्पन्न केला तो लहान नाही. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी शेवटी ज्या जागी येऊन पोहोचलो ती मला स्वतःला फारशी सुखाची नाही. म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंना आम्ही सारे काकू म्हणतो. त्यांचे यजमान वारले. यजमान गोदीतील नोकरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ; त्यांनी हयातीतच पत्नीच्या नावे नामनिर्देशनपत्र भरून संस्थेकडे दिले होते. असे पत्र तीन प्रतींत भरण्याचा प्रघात आहे आणि त्यांतील एक प्रत सभासदाकडे परत येते. पण काकूंच्या घरची ती प्रत 26 जुलै 2005 च्या पुरात ट्रंकेतल्या इतर कागदांबरोबर भिजून तिचा लगदा झाला होता. तेव्हा संस्थेच्या दफ्तरातील प्रत काढावी आणि तिच्या आधारे सभासदत्वाची नोंद काकूंच्या नावे करावी, एवढेच काम होते. संस्थेच्या कार्यकारी समितीत मीही आहे. आम्ही दफ्तर काढावयास निघालो, तेव्हा असे ध्यानात आले की संस्थेपाशी दफ्तर नाहीच.

तेरा वर्षांपूर्वी जमाखर्च, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते असे सर्व काही आम्ही एका बाहेरच्या हिशेबनिसाकडे सोपविले होते. तशा ठरावावर सही करणाऱ्यांत मी होतो. करारपत्र काही झाले नव्हते. 'माणूस भला आहे' एवढ्यावर भागले होते. माणूस खरोखरच भला होता. परंतु मध्यंतरी संस्थेने त्याचा दोन वर्षांचा मेहनताना थकविला होता. जुन्या वह्यांची खोकी त्याने आपल्या कचेरीत जागा पुरेना म्हणून भिवंडीच्या वाटेवरील एका गोदामात भाड्याने ठेवली होती; आणि नव्या नोंदी संगणकावर, त्याच्या स्वतःच्या आज्ञावलीत होत्या. "सर, मी तुमचे कागद विकून खाल्लेले नाहीत," तो मला म्हणाला. "तेरा वर्षे वह्या मी लिहिल्या, गोदामाचे भाडे मी भरले. माझे पैसे द्या आणि आपले दफ्तर खुशाल घेऊन जा." आमचे चिटणीस तापट. ते म्हणाले, "वह्या संस्थेच्या पैशाच्या आहेत. त्या अडवून धरणारे आपण कोण?" शब्दाने शब्द वाढत गेला. काकू कोपऱ्यातील खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कागद ह्यांच्या हाताने लिहिलेला, सही ह्यांची, आणि भांडता आहात तुम्ही दोघे."

काकूंनी ह्या एका वाक्यात जे म्हटले तेच मला विस्ताराने मांडावयाचे आहे. दफ्तर कोणाचे? जो लिहितो त्याचे, जो सांभाळतो त्याचे, जो त्यासाठी पैसे मोजतो त्याचे, की ज्याच्याविषयी ते लिहिले आहे त्याचे? आज बँका, इस्पितळे, महाविद्यालये, सरकारी खाती, सर्वांनीच आपली कागदपत्रे लिहिण्याचे आणि जतन करण्याचे काम त्रयस्थांकडे सोपविण्यास आरंभ केला आहे. त्यामुळे हा प्रश्न एका गृहसंस्थेचा राहिलेला नाही. आपल्यापैकी प्रत्येकाचे अर्धे आयुष्य कोणा अनोळखी माणसाच्या कपाटात बंद आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम हिशेबनिसाची बाजू पाहू, कारण ती आपण समजतो तितकी लंगडी नाही. श्रम करणाऱ्याला श्रमाचे मोल मिळाले पाहिजे, आणि मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा अधिकारही कायद्याने मान्य केलेला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यातील 170 व्या कलमाखाली एक सुंदर उदाहरण दिले आहे. एखाद्याने जवाहिऱ्यास कच्चा हिरा पैलू पाडण्यासाठी दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेण्याचा जवाहिऱ्यास हक्क आहे. तेथेच शिंप्याला दिलेल्या कापडाचेही उदाहरण आहे. मग तेरा वर्षे आमच्या वह्यांना पैलू पाडणाऱ्या हिशेबनिसाने त्या ठेवून घेतल्या तर त्यात वावगे काय?

ह्याचे उत्तर हिरा आणि कागद ह्यांतील भेदात आहे. हिऱ्याला बाजारात किंमत आहे. तो कोणाच्याही बोटात शोभतो. काकूंच्या यजमानांचे नामनिर्देशनपत्र बाजारात नेले तर रद्दीवालाही त्याचा एक पैसा देणार नाही. त्याचे सारे मोल एकाच व्यक्तीपुरते आहे, आणि ते मोल पैशाचे नव्हे. असा कागद अडवून धरणारा मनुष्य कर्जाला तारण ठेवून घेत नसतो. कारण तारण म्हणजे ज्याच्या विक्रीतून आपले पैसे वसूल होऊ शकतात ते. तो केवळ दुसऱ्याच्या अडचणीवर बोट ठेवून बसलेला असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एका प्रकरणात हाच विवेक केला. एका राज्य सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून बँकेच्या खटल्यांचे कागद परत करण्याचे नाकारले होते. न्यायालयाने सांगितले की खटल्याचे कागद म्हणजे विकता येणारा माल नव्हे, त्यांवर वकिलाचा असा हक्क पोहोचत नाही. फी वसूल करण्याचे अन्य मार्ग त्यास मोकळे आहेत. हा निर्णय वकिलांपुरता असला तरी त्यामागील नीती सर्वांना लागू पडावी अशी आहे. मजुरीचे देणे खरे आहे. ते न देणारा दोषी आहे. आमची संस्था दोषी होतीच. परंतु एकाच्या देण्यासाठी तिसऱ्याचा गळा धरता येत नाही.

आता संस्थेची बाजू. चिटणीस म्हणाले ते ऐकावयास न्याय्य वाटते: पैसे आमचे, म्हणून वह्या आमच्या. पण मी जसजसा विचार करू लागलो तसतसे मला ह्या 'आमच्या' शब्दाविषयी संशय येऊ लागला. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदास संस्थेच्या काही वह्या पाहण्याचा हक्क दिला आहे. आणि दफ्तरात फेरफार होण्याची वा ते नष्ट होण्याची भीती असल्यास ते जप्त करण्याचा अधिकार निबंधकास दिला आहे. ज्या वस्तूचे आपण पूर्ण धनी असतो ती वस्तू शेजाऱ्याला दाखविण्याचे बंधन आपल्यावर कोण घालील? आपली स्वतःची वही आपण फाडली तर सरकार मध्ये पडत नाही. ह्यावरून उघड होते की संस्था ही दफ्तराची धनीण नसून विश्वस्त आहे. तिने हिशेबनिसाकडे जे सोपविले ते मुळात तिच्याकडेच सोपविलेले होते. ठेवीची पुन्हा ठेव, आणि हिशेबनिसाने खोकी गोदामवाल्याकडे दिली तेव्हा त्या ठेवीची तिसरी ठेव.

ज्याच्याविषयी कागद लिहिला जातो त्याचा त्यात किती जीव गुंतलेला असतो ह्याचे एक उदाहरण आमच्या वडाळ्यातच आहे. मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने 1890 साली निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान निघाले. आज ते महानगरपालिकेचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय म्हणून ओळखले जाते. हेच अ‍ॅकवर्थ साहेब शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासमवेत मराठी पोवाडे जमवीत होते, आणि त्यांचा संग्रह 1891 साली प्रसिद्ध झाला, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. पुढे 1898 मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आला. तो आता रद्द झाला आहे. परंतु त्या काळी एखाद्या भिकाऱ्याच्या नावापुढे वैद्याने 'कुष्ठी' असा शेरा मारला की त्या कागदाच्या बळावर त्या मनुष्यास समाजातून उचलून चार भिंतींच्या आत नेता येत असे. शेरा लिहिणारा वैद्य, नोंदपुस्तक ठेवणारा कारकून, खर्च सोसणारी नगरपालिका, ह्यांतील कोणाचेही त्या नोंदीने काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते केवळ त्याचे, ज्याला ती वाचताही येत नव्हती. ज्याचे बिघडू शकते त्याचा हक्क सर्वांत मोठा, असा नियम आपण मान्य केला, तर दफ्तराच्या मालकीच्या वादात आपण आजवर ज्याला साक्षीदारसुद्धा समजत नव्हतो तोच मुख्य वादी ठरतो.

हा विचार काही नवा नाही. आपल्या स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानानंतर लगेच दुसरे पद निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे आहे. मनूने स्पष्ट म्हटले आहे की गहाण, सीमा, अज्ञान बालकाचे धन, ठेव ह्या गोष्टी दुसऱ्याने कितीही काळ उपभोगल्या तरी मूळ धन्याची मालकी नष्ट होत नाही. इतर मालमत्तेच्या बाबतीत दीर्घकाळचा कबजा हा मालकीचा पुरावा होऊ शकतो. ठेवीच्या बाबतीत नाही. याज्ञवल्क्याने एक पायरी पुढे जाऊन पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दिलेल्या ठेवीचा निराळा विचार केला आणि तिला औपनिधिक असे नाव दिले. राजाने, दैवाने वा चोराने ती नेली तर सांभाळणाऱ्यावर दोष नाही; परंतु त्याने स्वेच्छेने तिचा वापर करून आपला चरितार्थ चालविला, तर तो दंडास पात्र आहे आणि त्याने ती ठेव वाढीसह परत केली पाहिजे. इतरांची माहिती सांभाळावयास घेऊन तिच्यातूनच व्यापार करणाऱ्या आजच्या जगाला हा नियम जसाच्या तसा लावून पाहावा. किती जणांकडून दंड वसूल करावा लागेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि ठेव दुसऱ्याच्या हाती देऊन आपण मोकळे होतो काय? मृच्छकटिकातील चारुदत्त आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. वसंतसेनेने त्याच्या घरी अलंकार ठेवले. रात्री ते सांभाळण्याचे काम त्याने मैत्रेयाकडे दिले. मैत्रेयाच्या हातूनच ते शर्विलकाच्या हाती गेले. चारुदत्ताला सहज म्हणता आले असते की अलंकार मैत्रेयाकडे होते, त्यालाच विचारा. चोराने नेले असल्यामुळे शास्त्रही त्याच्या बाजूने उभे राहिले असते. त्याने तसे म्हटले नाही. पत्नीच्या गळ्यातील रत्नमाला त्याने वसंतसेनेकडे पाठविली. सांभाळण्याचे काम दुसऱ्यास देता येते, उत्तर देण्याचे काम देता येत नाही, एवढे त्या दरिद्री ब्राह्मणास कळत होते. आम्ही मात्र तेरा वर्षे 'ते सगळे हिशेबनीस बघतात' असे म्हणून निर्धास्त झोपलो.

आता महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळतो. कारण दफ्तर बाहेरच्याच्या हाती गेले म्हणजे काय होते, ह्याचा धडा आपल्या खेड्यांनी शेकडो वर्षे गिरविला आहे. गावचा जमीनमहसूल, कोणाचे शेत किती, कोणाकडे बाकी किती, हे लिहिण्याचे काम कुलकर्ण्याचे. ते काम म्हणजे वतन, म्हणजे वंशपरंपरेची मिळकत. काम मिळकत झाले की कामाची साधनेही मिळकत होतात. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या वाड्यातील दफ्तर झाले. लेखन मोडी लिपीत. ती लिपी काही गुप्त नव्हती, परंतु ज्याला अक्षरओळखच नाही त्याला ती कुलूपच होती. शेतकऱ्याने सारा भरला की नाही हे शेतकऱ्याच्या स्मरणावर नव्हे तर कुलकर्ण्याच्या लेखणीवर ठरावयाचे. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला तो 1883 च्या सुमारास; त्यात कुलकर्ण्यांच्या लेखणीवर जो प्रहार आहे तो कोणाला कठोर वाटेल, पण त्याच्या मुळाशी हीच वस्तुस्थिती होती.

जी गोष्ट कुलकर्ण्याची तीच सावकाराची. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारी अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटले ते ह्याचे की दंगेखोरांचा रोख सोन्यानाण्यावर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. रोखे मागून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. विचार केला तर ह्यात आश्चर्य कसले? आपल्या आयुष्याविषयीचा जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पाहता येत नाही, ज्याची प्रत आपल्याजवळ नाही, तो कागद मनुष्याला शत्रूसारखा वाटू लागतो. ह्या उठावानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला त्यात कर्जमाफी नव्हती; पण एक शहाणपणाची गोष्ट होती. सावकाराने शेतकऱ्याला पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे. म्हणजे दफ्तर सावकाराचे राहिले तरी त्याची छाया ऋणकोच्या घरी पडावी. कुलकर्ण्यांच्या बाबतीत निर्णय ह्याहून कडक झाला. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. आणि मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने कायमची गेली. त्या दिवशी गावाचे दफ्तर तत्त्वतः तरी गावाच्या हाती परत आले.

येथे प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे खासगी सांभाळणारे नसते तर मराठ्यांचा इतिहासही राहिला नसता. राजवाड्यांनी 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे 1926 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गावोगाव हिंडले. त्यांना कागद मिळाले ते बहुतांशी अशाच वाड्यांच्या माळ्यांवरून. उलट, राज्यसत्तेच्या स्वतःच्या घरात कागद सुरक्षितच असतात असेही नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत हजारो फायली भस्मसात झाल्या. पुढे फायली नव्याने उभ्या कराव्या लागल्या, त्या अर्थातच इतरत्र उरलेल्या प्रतींच्या आधाराने. तेव्हा बाहेरच्याकडे काम देणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. वाळवी, ओल आणि आग ह्यांपासून कागद वाचविणे ही एक विद्या आहे, आणि ती ज्याला येते त्याच्याकडे ते काम देणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न काम देण्याचा नाही. काम देताना आपण त्याबरोबर आणखी काय देऊन टाकतो, हा आहे.

ह्या बाबतीत जुन्या राज्यकर्त्यांचा एक साधा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो. इनामाची सनद दिली की तिच्या शेवटी अधिकाऱ्यास अशी आज्ञा असे की ह्या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे. कचेरीला स्मरणासाठी नक्कल पुरे. अस्सल मात्र ज्याच्या जीविताचा त्यावर आधार त्याच्या घरी. आज आपण नेमके उलट करून बसलो आहोत. अस्सल सगळे कचेरीत, कचेरीचे हिशेबनिसाकडे, हिशेबनिसाचे गोदामात. आणि मनुष्याच्या हाती, मागितली तर आणि शुल्क भरले तर, एक झेरॉक्स.

कायदा हळूहळू त्या जुन्या शहाणपणाकडे वळतो आहे. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात केवळ सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातील माहितीचा उल्लेख नाही, तर त्याच्या नियंत्रणाखालील माहितीचाही आहे. म्हणजे कागद कंत्राटदाराच्या गोदामात गेला म्हणून नागरिकाचा हक्क गोदामाच्या दाराशी थांबत नाही. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत केला त्यात माहिती घेणाऱ्याला विश्वस्ताचे स्थान दिले आहे. आणि त्याने ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतले, तरी जबाबदारी विश्वस्ताचीच राहते, मग आपसांतील करार काहीही म्हणो. चारुदत्ताने जे केले तेच कायदा आता सक्तीने करावयास सांगतो आहे.

परंतु कायद्याची वाट न पाहता साध्या माणसांनी काम सोपविण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. हे दफ्तर उद्या परत मागितले तर किती दिवसांत मिळेल? ते सांभाळणाऱ्याच्या मदतीवाचून आपल्याला वाचता येईल काय? आमच्या हिशेबनिसाचे पैसे आम्ही अखेर चुकते केले. खोकी आली, आणि त्यांत काकूंच्या यजमानांचे पत्रही मिळाले. पण गेल्या काही वर्षांच्या नोंदी एका लहानशा डबीत भरून आल्या आणि त्या त्याच्या आज्ञावलीशिवाय उघडेनात. कुलकर्ण्याच्या मोडीची मला तेव्हा आठवण झाली. तिसरा प्रश्न असा की परत दिल्यावर त्याच्याकडे काय उरणार, आणि त्याचे तो काय करणार? आणि चौथा, जो आम्ही कधीच विचारला नाही: ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांच्या घरी ह्याची एक प्रत आहे काय? ह्या चारांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल, तर आपण काम सोपविले नसून दुसऱ्याची ठेव उधळली आहे असे खुशाल समजावे.

येथे हा लेख संपवता आला असता. पण आरंभी मी ज्या जागेविषयी बोललो तेथे अजून पोहोचावयाचे आहे.

आमच्या घराण्याकडे सातारा जिल्ह्यातील एका गावचे कुलकर्णीपण होते. वतन गेले तेव्हा चालू दफ्तर तलाठ्याच्या स्वाधीन झाले. त्याआधीचे जुने रुमाल कोणी मागितले नाहीत, म्हणून वाड्यात राहिले. वाडा पडला तेव्हा वडिलांनी ते मुंबईस आणले, आणि आज ते वडाळ्याच्या माझ्या घरात, पुस्तकांच्या कपाटाच्या तळच्या खणात, डांबराच्या गोळ्यांसह बांधून ठेवलेले आहेत. मला मोडी येत नाही. माझ्या मुलांना येण्याचा प्रश्नच नाही. 'आमच्या पूर्वजांचे कागद' म्हणून मी ते पाहुण्यांस अभिमानाने दाखवीत असे. काही वर्षांपूर्वी एका मोडी जाणणाऱ्या मित्राने त्यांतील एक लांबलचक महजर मला वाचून दाखविला. तो आमच्या पूर्वजांविषयी नव्हता. एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन शेतकरी घराण्यांत झालेला तंटा, गोतसभेने त्याचा केलेला निवाडा, आणि साक्षीदारांच्या नांगर, कट्यार अशा निशाण्या. आमच्या पूर्वजाने तो लिहिला होता, एवढाच त्याचा संबंध. त्या दोन्ही घराण्यांतील माणसे गावी अद्याप नांदत आहेत, आणि लहानपणी त्यांतील एकांच्या मळ्यात मी हुरडा खाल्लेला आहे.

तेव्हा मला ही गोष्ट केवळ गमतीची वाटली होती. हिशेबनिसाशी भांडून घरी आलो त्या रात्री ती पुन्हा आठवली आणि झोप लागेना. त्याने आमचे दफ्तर तेरा वर्षे ठेवले आणि मेहनताना थकला म्हणून दोन महिने अडविले. माझे तर काही येणेही थकलेले नाही. ठेव कितीही काळ जवळ राहिली तरी ती आपली होत नाही, हे मनूचे वचन मी वर्गात आणि सभेत अनेकदा सांगितले; आणि ते सांगताना माझ्या पाठीमागच्या कपाटात गावाची ठेव पडलेली होती.

त्यानंतर मी त्या साऱ्या कागदांची छायाचित्रे काढवून घेतली. ती माझी तालीक. गावच्या ग्रामपंचायतीस आणि त्या दोन घराण्यांस पत्रे लिहिली आहेत: अस्सल आपली आहेत, ती गावी आणून देऊ, की आपल्या संमतीने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या जागी ठेवू? माझ्या एका बंधूंचे म्हणणे असे की गावकरी ते कागद घेऊन करणार काय, एखाद्या पावसाळ्यात त्यांचाही लगदा होईल. तसे होईलही कदाचित. कागद जपण्याची विद्या माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, हे खरे आहे. पण हाच युक्तिवाद प्रत्येक कुलकर्ण्याने केला असेल, असेही मला वाटते. ठेव परत मागणारा ती कशी वापरील ह्यावर ती परत करण्याचे कर्तव्य अवलंबून नसते.

काकूंच्या नावे नोंद झाली. त्यांच्या यजमानांच्या पत्राची साक्षांकित प्रत मी त्यांना नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन सही पाहिली, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरावरच्या फळीवर ठेवली. पाणी पोहोचणार नाही इतक्या उंच. गावाकडून पहिल्या पत्राचे उत्तर कालच आले आहे. विहीर बुजली, असे त्यांनी लिहिले आहे. पण महजर पाहावयास दिवाळीनंतर मुंबईस येतो, कागद तोवर जपून ठेवा.